कुलूप लावलेल्या घराचें देणें

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले कीं बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्याचें रूप पालटतें. काटेवाडीच्या शिवारांत ऊस तुटूं लागतो, भरलेल्या गाड्या भवानीनगरच्या कारखान्याकडे वळतात, शाळू गुडघ्याएवढा होतो, आणि पहांटे दंव पडून बांधावरचें गवत ओलें राहतें. आषाढी वारीच्या वेळीं ज्या काटेवाडींत पालखीसाठीं धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात व मेंढ्यांचें रिंगण पाहण्यास पाऊल ठेवण्यापुरतीही जागा उरत नाहीं, तेथें या दिवसांत दुपारीं शुकशुकाट असतो. माणसें शेतांत असतात. अशा वेळीं वाटसरूचें लक्ष माणसांवरून निघून घरांकडे जातें, आणि मग त्याला दिसूं लागतें कीं या मुलखांत राहत्या घरांच्या जोडीला न राहतीं घरेंही पुष्कळ आहेत.

कोठें एखाद्या इनामदाराचा चौसोपी वाडा आहे. मुलें पुण्यास गेलीं, नातवंडें परदेशीं गेलीं, आणि दिंडीदरवाजाला कुलूप आहे. कोठें गढीचा बुरूज आहे व त्याच्या पायथ्याशीं बाभळी माजल्या आहेत. कोठें धर्मशाळा आहे; मोटारी आल्यापासून तींत कोणी मुक्कामास उतरत नाहीं. आणि आमच्याच लोकांविषयीं बोलावयाचें तर, कोठें कोठें जुनें प्रार्थनामंदिर किंवा मिशनचा बंगला आहे. मंडळी पोटापाण्यासाठीं शहराकडे गेली, उपदेशकाची नेमणूक दुसऱ्या गांवीं झाली, आणि किल्ली कोणाकडे आहे असें विचारावें तर तिघेजण तिघांचीं नांवें सांगतात.

अशा घराचें आपण कांहीं देणें लागतों काय? राहत्या घराची निगा ठेवण्यास कोणास शिकवावें लागत नाहीं. तेथें गळतें तें आपल्याच डोक्यावर गळतें. परंतु जेथें कोणाच्याही डोक्यावर गळत नाहीं, तेथील गळती हा कोणाचा दोष? हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे, आणि त्याचें एक अंग तर असें आहे कीं तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या काळजाला झोंबेल. तें आम्ही टाळणार नाहीं. परंतु आधीं घर कसें मरतें हें पाहूं.

थंड देशांत रिकाम्या घराचा शत्रु हिंवाळा आहे. तेथें पाणी गोठतें, आणि गोठतांना शेंकडा ९ च्या सुमारास फुगतें. बंद घरांतील नळांत पाणी राहिलें तर नळ फुटतो. थंडी ओसरल्यावर तेंच पाणी वाहूं लागून सारे मजले भिजवितें, आणि आंत कोणी नसल्यामुळें तें कित्येक आठवडे कळतही नाहीं. दगडांच्या सांध्यांत शिरलेलें पाणीही तसेंच फुगून सांधा उकलतें. म्हणून त्या देशांत थंडीच्या आधीं नळ रिते करितात, पन्हळींतला पाला काढितात, आणि कोणी तरी ठरलेल्या दिवशीं आंत जाऊन पाहून येतो. अमेरिकेंत या कामाला एक मौजेचें नांव आहे. लोकरीचे कपडे पेटींत ठेवून देतांना त्यांत कसरीसाठीं डांबराच्या गोळ्या टाकितात, त्या गोळ्यांवरून तें नांव पडलें. तेथील राष्ट्रीय उद्यान खात्यानें ऐतिहासिक इमारती अशा रीतीनें बंद ठेवून कशा जपाव्या याविषयीं १९९३ सालीं एक पुस्तिका काढिली. तिचा भावार्थ एवढाच कीं, घर बंद करणें म्हणजे तें टाकून देणें नव्हे. बंद घरालाही कोरडें छप्पर पाहिजे, आंतून खेळणारा वारा पाहिजे, आणि अधूनमधून येणारें माणूस पाहिजे.

आमच्याकडे हिंवाळा घरें पाडीत नाहीं. पाडतो तो पावसाळा. बारामती-इंदापुराकडे पाऊस थोडा, पण जो येतो तो एका रात्रींत ओढे भरून टाकितो. हिंवाळा हा या मुलखांत वैद्याचा हंगाम आहे. आकाश निरभ्र असतें, माती वाळलेली असते, पावसानें केलेल्या जखमा उघड्या दिसतात, आणि पुढच्या पावसाला सहा महिने अवकाश असतो. ज्यानें हे महिने दवडले त्याला ज्येष्ठांत गवंडी मिळत नाहीं.

या भागांतील जुनीं घरें बहुधा माळवदाचीं. भिंती दगडमातीच्या, वर लांकडी तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ती माती पाणी पिते, पण लवकर खालीं सोडीत नाहीं. उतार नीट असला व पन्हळ मोकळी असली तर पाणी निघून जातें. दरवर्षीं मृगाच्या आधीं घरधनी वर चढतो, भेगांवर नवी माती टाकून चोपतो व पन्हळीचें तोंड साफ करितो. खालीं चूल पेटते. तिचा धूर तुळयांस लागून किडा दूर राहतो. घरची बाई सारवण करिते, तेव्हां घुशीनें रात्रीं उकरलेलें बीळ तिला सकाळींच दिसतें. म्हणजे राहणारें माणूस आपण घराची सेवा करीत आहों हें मनांतही न आणतां ती रोज करीत असतें.

माणूस निघून गेलें कीं ही न दिसणारी सेवा बंद पडते. पन्हळींत पारवा काटक्या आणून घरटें करितो. पाणी तुंबतें, आणि तुंबलेलें पाणी वाट शोधीत जेथें तुळईचें टोंक भिंतींत बसविलेलें असतें तेथें जाऊन मुरतें. तुळई मधोमध पाहिली तर ठणठणीत दिसते. कुजते ती टोंकाशीं, भिंतीच्या पोटांत, जेथें कोणाची दृष्टि पोहोंचत नाहीं. पक्ष्याच्या विष्ठेंतून पिंपळाचें बीं भिंतीच्या फटींत पडतें. पहिल्या वर्षीं तें रोप दोन बोटांनीं उपटतां येतें. पांचव्या वर्षीं तें उपटूं गेलें तर त्याच्याबरोबर भिंतही येते. मग तें वारंवार छाटून, मूळ जागच्या जागीं मारून, सांधा चुन्यानें भरावा लागतो. आणि हें सर्व कसल्याही आवाजाशिवाय चालतें.

एक रोग मात्र हिंवाळ्यांतच उघड होतो. नीरेच्या कालव्यानें या भागाला ऊस दिला, पण जेथें पाणी अति झालें तेथें जमिनी चोपण झाल्या, आणि तो खार ओलीबरोबर घरांच्या भिंतींतही चढतो. कोरडा वारा सुटला कीं ओल बाहेर येऊन उडून जाते व खार मागें राहतो. भिंतीवर पांढरें पीठ दिसूं लागतें, दगडाचे व मातीचे पोपडे सुटतात. यालाच आपण लोणा म्हणतों. लोणा दिसला कीं हल्लीं लोक मोठ्या हौसेनें त्यावर सिमेंटचा गिलावा मारितात. दोन वर्षें भिंत गुळगुळीत दिसते. आंतली ओल कोंडली जाते, ती वर वर चढत जाते, आणि शेवटीं गिलावा भिंतीचें मांस घेऊनच खालीं येतो. जुन्या भिंतीला चुना किंवा मातीच मानवते, कारण त्यांतून तिला श्वास घेतां येतो. सिमेंटाविरुद्ध आमचें वैर नाहीं. नव्या घरांत तें शोभतें.

हें आम्ही केवळ पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. एका गांवीं एक जुना कौलारू बंगला आहे, त्या गांवाचें नांव येथें नको. त्याची किल्ली तीन वर्षें आमच्या घरच्या खुंटीला टांगलेली होती. पहिल्या हिंवाळ्यांत आम्ही एकदां जाऊन आलों. मधल्या खोलींत शेणानें सारवलेल्या जमिनीवर तळहाताएवढा उन्हाचा कवडसा पडला होता. वर एक कौल सरकलें होतें. शिडी नव्हती, माणूस बरोबर नव्हता; पुढच्या आठवड्यांत येऊं असें म्हणून कुलूप लावलें. एका माणसाच्या अर्ध्या दिवसाचें काम होतें. तो आठवडा आला नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्या वाटेनें जातांना आम्ही मान दुसरीकडे वळविली, हें लिहिण्यास लाज वाटते, पण लिहितों. तिसऱ्या श्रावणांत ती खोली बसली.

खोलीचें दुःख आम्हीं गिळलें असतें. परंतु तींत एक कपाट होतें, आणि कपाटांत मंडळीची जुनी वही होती; तींत तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे व विवाह लिहिलेले होते. कांहीं दिवसांनीं एक म्हातारी बाई, आपल्या आईचें नांव त्या वहींत आहे असें ऐकून, नातवाला घेऊन तें दाखवावयास आली. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें. नातू वाचणार होता. आम्हीं तिला चिखलाचा एक गोळा दाखविला. ती रागावली नाहीं. नातवाला म्हणाली, “चल बाळा, अंधार पडंल.” त्या दिवसापासून रिकामें घर म्हणजे रिकामें नव्हे ही गोष्ट आम्हांस निराळी शिकावी लागली नाहीं.

आतां मोठ्या इमारतींकडे पाहूं. बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्याच नाईकांच्या आश्रयानें मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीस राहिले व आर्यांचे ढीग रचून गेले. नाईकांचा काळ गेला, तरी वाडा एकदम ओस पडला नाहीं. त्यांत पुष्कळ वर्षें सरकारी कचेऱ्या बसत असत. कचेरी ही कांहीं सुंदर भाडेकरू नव्हे. ती भिंतींत खिळे ठोकते, दालनांत फळ्यांचे आडोसे घालते, वाटेल तो रंग देते. तथापि कारकुनाच्या कागदांवर पाणी गळलें कीं तो ओरडतो, आणि त्याच्या ओरडण्यानें छप्पर राहतें. सौंदर्याची पारख असलेल्या माणसांनीं जें वांचविलें नसतें तें कधीं कधीं रूक्ष वहिवाटीनें वांचतें.

इंदापुरास मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवाजी महाराजांचे हे आजोबा सतराव्या शतकाच्या आरंभीं इंदापूर येथील लढाईंत पडले, हें आपल्या मुलांस शाळेंत कळतें. पण ही गढी पुष्कळ वर्षें पडीकच राहिली. देशावरच्या अनेक गढ्यांस आणखी एक भोग असतो. त्यांची माती जुनी, पांढरी व चिकट. माळवदावर घालण्यास तिच्यासारखी दुसरी माती नाहीं. म्हणून लोक टोपल्यांनीं ती खणून नेतात, आणि एका मोठ्या घराचें अंग शंभर लहान घरांच्या डोक्यावर जाऊन बसतें. याला नुकसान म्हणावें कीं वांटणी म्हणावी, याचा निर्णय आमच्यानें झटकन् होत नाहीं.

आणि पळसदेवचें जुनें देऊळ तर पाण्यांतच आहे. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. जुना गांव पाण्याखालीं गेला, लोक उठून वर नव्या जागीं आले, देऊळ तेथेंच राहिलें. ज्या वर्षीं पाणी फार ओसरतें त्या उन्हाळ्यांत तें उघडें पडतें, आणि दुरून लोक तें पाहण्यास येतात. पाऊस लागला कीं पुन्हां बुडतें. त्याच्या दाराला कुलूप लावणारा कोणी नाहीं व उघडणाराही कोणी नाहीं. माणसाच्या निगेचीही एक सीमा आहे, हें असें देऊळ पाहून कळतें. परंतु ज्या घराकडे पायवाट जाते त्याविषयीं आपण ही सबब सांगूं शकत नाहीं.

सरकारी कायदा आहे. १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला मोठा कायदा झाला, १९५८ सालीं दुसरा झाला, आणि आपल्या राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. परंतु कायदा यादींत नांव असलेल्या इमारतींना लागतो. आम्ही ज्यांविषयीं बोलत आहों त्यांपैकीं बहुतेक घरें कोणत्याही यादींत नाहींत. तीं शेजाऱ्यांच्या भरंवशावर उभीं आहेत.

आतां तें झोंबणारें अंग. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज महार किंवा मांग होते. गांवच्या वेशीवर वेसकर म्हणून रात्रभर उभें राहणें, गांवकुसाची डागडुजी करणें, वाड्याचें सर्पण फोडणें, हीं त्यांचीं कामें. आणि त्याच वेशीच्या आंत, त्याच वाड्याच्या ओसरीवर बसण्याची त्यांना बंदी. या वतनी वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत विधेयक आणलें, आणि तीं कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. आज कोणी उठून त्या माणसाच्या नातवास सांगावें कीं बाबा रे, हा वाडा आपला ठेवा आहे, याची निगा राखणें तुझें कर्तव्य आहे, तर तो विचारील, “आमच्या आज्यानं आयुष्यभर याचीच राखण केली. अजून किती?” या प्रश्नास तोंड न देतां जो ऐतिहासिक वास्तूंचें महत्त्व सांगत सुटतो त्याचें भाषण आम्हांस ऐकवत नाहीं.

आमचें म्हणणें असें. पहिलें देणें वारसाचें आहे. ज्यानें त्या वाड्याच्या उत्पन्नावर शिक्षण घेतलें व जो आज त्याच्या जागेचा भाव विचारीत असतो, त्यानें पन्हळ साफ करण्याचे पैसे आधीं पाठवावे. ज्याच्या पूर्वजास आंत येऊं दिलें नाहीं त्याच्यावर या कामाची सक्ति करण्याचा अधिकार कोणासही नाहीं, आणि त्यानें पाठ फिरविली तर आम्ही त्याला दोष देणार नाहीं. पण इतकें सांगूं कीं वाडा हा केवळ धन्याचा नसतो. त्याचा दगड कोणी तरी डोक्यावरून वाहिला, चुन्याच्या घाण्यामागें कोणी तरी दिवसभर फिरला, माळवदाची माती कोणी तरी आपल्या हातांनीं चोपली. धन्याचें नांव कागदांत आहे. त्या हातांचें नांव कोठेंच नाहीं. त्यांची खूण असलीच तर त्या भिंतींत आहे. आणि ज्या दारांतून माणसाला परत फिरविलें तें दार पडून गेलें, तर परत फिरविल्याची साक्षही गेली. आपल्या मुलाला हात धरून नेऊन, येथें तुझे पणजोबा उभे राहत व येथून पुढें त्यांना जातां येत नव्हतें, असें दाखवावयास तो उंबरठा शिल्लक पाहिजे. तो जपणें म्हणजे वाड्याचा गौरव करणें नव्हे. साक्षीदार जिवंत ठेवणें हें खटला जिंकण्यापूर्वींचें काम आहे, आणि कित्येक खटले अजून चालू आहेत.

दुसरा आक्षेप याहून साधा व कडक आहे. हिंवाळ्यांत बीड व नगरकडील कुटुंबें ऊस तोडावयास या भागांत येतात. आपल्या गांवच्या घरांना कुलूप लावून तीं येतात, आणि येथें शेताच्या कडेला पाचटाच्या कोपींत राहतात. पहांटेची थंडी कोपीच्या आंत व बाहेर सारखीच. तान्हें मूल उसाच्या पाल्यावर निजलेलें असतें, आणि तेथून हांकेच्या अंतरावर दहा दालनांचा वाडा बंद असतो. अशा वेळीं भिंतीच्या लोण्याची चिंता करणारा मनुष्य आपल्या मनास काय उत्तर देणार?

मूल व भिंत यांत निवड करावयाची असेल तर मूल. यांत आम्हांस क्षणभरही संशय नाहीं. भिंतीला थंडी वाजत नाहीं. परंतु प्रामाणिकपणें पाहिलें तर ही निवड आपल्यापुढें अशी येतेच क्वचित्. वाड्याच्या पन्हळीसाठीं जो रुपया खर्च झाला नाहीं तो कोपींतल्या मुलाच्या पांघरुणासाठींही खर्च झालेला नसतो. तो बहुधा मिरवणुकींत व कमानींत गेलेला असतो. उलट, ज्याला बंद घराकडे पाहण्याची संवय लागली त्याचीच नजर शेजारच्या कोपीकडे जाण्याचा संभव अधिक.

मग कुलूप काढून त्या कुटुंबांस आंत कां घेऊं नये? घ्यावें असें आमच्या मनांत येतें, आणि घराला तर राहत्या माणसासारखें औषध नाहीं. पण विचार करावा. जुन्या घरांत लांकूड फार व तें हाडासारखें वाळलेलें. शनिवारवाडा १७३२ सालीं उभा राहिला आणि १८२८ च्या फेब्रुवारींत आग लागून सात दिवस जळत राहिला; लांकडाचें सर्व गेलें, दगडाचा तट राहिला. ज्या तुळईचें टोंक कुजलें आहे तिच्याखालीं दहा चुली पेटवून मुलांना निजविणें ही दया नव्हे. आधीं घर तपासावें, धड असलेली बाजू निराळी काढावी, चूल अंगणांत करावी, आणि रात्रीं निजण्यास जमत नसेल तर निदान दिवसा त्या मुलांची शाळा ओसरीवर भरवावी. ऊसतोडणीच्या मुलांसाठीं कारखान्यांजवळ साखरशाळा चालविल्या गेल्या आहेत. त्यांना जागेची अडचण पडते हें सर्वांस ठाऊक आहे. ज्या ओसरीवर एके काळीं कांहीं मुलांना चढूं दिलें नाहीं तिच्यावर पाटी घेऊन बसलेलीं मुलें पाहावयास आम्हांस फार आवडेल.

दूरदेशचीं एकदोन उदाहरणें सांगतों. इंग्लंडांत १८७७ सालीं विल्यम मॉरिस व त्याच्या मित्रांनीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळ काढिलें. त्यांचा आग्रह असा कीं मोठा जीर्णोद्धार करून जुन्याला नवें रूप देण्यापेक्षां रोजची लहान निगा बरी. त्याच देशांत पुढें गांवोगांवच्या मंडळ्या ओसरल्या व शेंकडों चर्चें बंद पडलीं. तेव्हां १९५७ सालीं आयव्हर बल्मर-थॉमस यांनीं एक संस्था उभी केली. तिच्या नांवाचा अर्थ, ज्यांना कोणी मित्र नाहीं अशा चर्चांचे मित्र, असा होतो. इंग्लंड व वेल्स मिळून साठांहून अधिक चर्चें तिच्या निगेंत आहेत. शिवाय १९६९ पासूनच्या दुसऱ्या एका निधीकडे साडेतीनशेंहून अधिक आहेत. या चर्चांत दर रविवारीं उपासना होत नाहीं, कोठें वर्षांतून एकदांच होते. तरी कोणी शेजारीण सकाळीं दार उघडते व संध्याकाळीं लाविते. तिला विचारावें कीं आंत कोण येतें, तर बहुतेक दिवशीं कोणी येत नाहीं.

आमच्या उपदेशकांस हें काम परकें वाटूं नये. लेवीयाच्या चवदाव्या अध्यायांत घराला लागणाऱ्या चट्ट्याचा विधि आहे. भिंतींत हिरवट किंवा तांबूस रेघा दिसल्या तर याजकानें स्वतः जाऊन पाहावें, घर सात दिवस बंद ठेवावें, पुन्हां जाऊन पाहावें, बिघडलेले दगड काढून दुसरे बसवावे, भिंत खरवडून नव्या मातीनें लिंपावी, आणि इतकें करूनही चट्टा पसरला तरच घर पाडावें. आम्ही हा अध्याय लहानपणीं कंटाळून उलटून टाकीत असूं. आतां वाचतों तेव्हां त्यांतील धीर पाहून नवल वाटतें. पाडण्यापूर्वीं किती वेळां पाहावयाचें! आणि पाहावयाचें तें दुसऱ्याला पाठवून नव्हे.

तसेंच योवाश राजाची गोष्ट. मंदिराच्या दुरुस्तीसाठीं पैसा येत होता, याजक तो घेत होते, आणि राजाचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी भगदाडें जशीच्या तशीं होतीं. कोणी चोरी केली असें तेथें म्हटलेलें नाहीं. काम सर्वांचें होतें, म्हणून तें कोणीच केलें नाहीं. मग यहोयादानें पेटी घेतली, झांकणाला भोंक पाडलें, आणि पैसा थेट सुतार-गवंड्यांच्या हातांत जाऊं लागला. आमच्या तीन वर्षांच्या खुंटीपुढें तेवीस वर्षांचा हिशेब ठेविला म्हणजे थोडें हायसें वाटतें, परंतु फार नव्हे.

ज्यांच्या गांवीं असें घर आहे त्यांनीं मार्गशीर्षांत एक दिवस काढावा. किल्ली एकाच माणसाकडे असावी व तो कोण हें सर्वांस ठाऊक असावें. दारें खिडक्या सकाळीं उघडून उन्हें उतरेपर्यंत तशींच ठेवावीं, म्हणजे कुबट वास जाईल. झाडू मारण्यापूर्वीं जमिनीकडे नीट पाहावें. वाळवीची मातीची रेघ, लांकडाचा भुगा, उन्हाचा कवडसा, हें सर्व केराबरोबर पुसलें जातें. तुळईच्या टोंकाशीं सुईसारखा खिळा टोंचून पाहावा. सहज आंत शिरला तर लांकूड गेलें असें समजावें व तिला खालून टेकू द्यावा. पन्हळींत हात घालावा, पण आधीं काठी घालावी, कारण तेथें विंचू असतो. पिंपळाचीं रोपें याच दिवशीं उपटावीं. खिडकीला जाळी लावावी, फळी ठोकून वारा बंद करूं नये. जें दिसलें तें एका वहींत तारीख घालून लिहावें, आणि ती वही त्या घरांत ठेवूं नये.

त्या बंगल्याच्या दोन खोल्या अजून उभ्या आहेत. यंदा आम्ही तिघेजण गेलों, शिडी घेऊन गेलों. नऊ कौलें सरकलीं होतीं, तीं बसविलीं. चार फुटकीं होतीं, त्यांच्या जागीं पडक्या खोलीचींच जुनीं कौलें काढून घातलीं. पूर्वेच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत लोणा आहे, तो कुंचल्यानें झाडून घेतला व मातीचा लेप माघांत द्यावयाचें ठरलें, कारण ओल अजून पुरती वाळलेली नाहीं. किल्ली आतां आमच्याकडे नाहीं. त्या म्हाताऱ्या बाईचा नातू त्याच गांवीं राहतो व रोज त्या वाटेनें शेतावर जातो. त्यानें ती मागून घेतली.